पैसे ठाण्याला, भिवा एडनला

नाही, नाही, पैसे नव्हते असं तेवढं म्हणू नका! बाकी काय वाटेल ते म्हणा. भिवा अडाणी म्हणा, भिवा हळू म्हणा. आमच्या कोपर गावातलं बोलणं हळूच असतं, खाडीच्या भरतीसारखं, येतंय येतंय वाटतं आणि बघेपर्यंत गुडघ्याला लागतं… पण पैसे नव्हते म्हणू नका. पैसे होते. माझेच होते. ठाण्याला होते. आणि मी कुठं? मी एडनला!

एडन कुठं म्हणाल तर सोपं आहे. मुंबईच्या बंदरात आगबोटीत बसायचं आणि ओकायला लागायचं. आठ दिवस ओकायचं. पोटात ओकायला काही उरलं नाही की समजायचं, आलं एडन. झाड नाही, गवत नाही, काळे उघडे डोंगर, तव्यावर भाजल्यासारखे, आणि पाणी प्यायचं तर समुद्राचं उकळून केलेलं. त्याला तिथं गोडं पाणी म्हणतात. म्हणोत बापडे.

मी तिथं काय करत होतो? दुसरं काय करणार, मीठ! आज्या-पणज्यापासून आमचं तेच. पावसाळ्याला खारजमिनीतलं भात आणि उघडीप झाली की खाडीवर मिठागर. समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाला द्यायचं आणि थांबायचं. थांबणं हेच खरं काम, ओढणं नंतर. तर एक दिवस महिपत मुकादम आमच्या पडवीत येऊन बसला. हा महिपत एडनच्या मिठागरावर माणसं नेणारा. म्हणाला, "दादा, तिकडं पाऊसच नाही, बारा महिने मीठ! जायचं भाडं फुकट, तीन वर्षांचा करार पुरा केलास की यायचं भाडं फुकट, जेवण फुकट. पगाराचे अर्धे इथं वहिनीच्या हातात, आणि अर्धे…"

आता इकडं ध्यान द्या, सगळी मेख इथं आहे.

"…अर्धे ठाण्याच्या पेढीत तुझ्या नावानं जमा. तिकडं हातात दिले की माणूस उडवतो." मी म्हटलं, "आणि तिकडं अडीअडचणीला लागले तर?" तर हसला! म्हणाला, "अरे पेढी केवढी मोठी! ठाण्याला दुकान, मुंबईला दुकान, एडनला दुकान, शेट एकच. एका विहिरीला दोन रहाट नसतात? या रहाटानं टाक, त्या रहाटानं काढ!"

विहिरीत कोण टाकतं हो पाणी? तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला विचार सुचतो तो माणूस उठून गेल्यावर.

पेढीचं नाव कशाला घ्या… त्यांचं काही चुकलं नाही. तुम्हाला सांगतो, या सगळ्यात कुणाचंच काही चुकलं नाही, म्हणून तर जीव जास्त जळतो. एखादा लबाड सापडला असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो! तीही सोय नाही.

तर निघायच्या आधी होडीनं ठाण्याला गेलो, पेढीत नाव घालायला. तिथं प्रभाकरपंत म्हणून कारकून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि डोळे चष्म्याच्या वर, मग चष्मा कशाला ते त्यांनाच ठाऊक. "नाव?" "भिवा." "बापाचं?" "धोंडीबा." "सही येते?" मी नुसता हसलो. "मग निशाणी कोणती?" "नांगर, पंत."

सही नाही त्यानं आपली निशाणी काढायची, हे तुम्ही जाणताच. बाईमाणसाची बांगडी, शिपायाची कट्यार, तसा आमचा नांगर. माझ्या बापानं नांगर काढला, त्याच्या बापानं काढला. टाक हातात घेतला, फावड्याला धरतो तसा धरला, दोन कागद फाटले, तिसऱ्यावर उतरला बघा… रुमणं, इसाड, फाळ, सगळं जिथल्या तिथं. प्रभाकरपंत म्हणाले, "वा! आता पृथ्वीच्या पाठीवर कुठंही जा, हा नांगर म्हणजे तू." इतकं बरं वाटलं मला. वाटलं, चला, आपण नसलो तरी आपला नांगर ठाण्याला बसून राहील, पैसे राखील.

आणि त्यानं राखले हो! असे राखले की मलासुद्धा हात लावू देईना!

पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. मला कशाला पैसे लागतायत? आठवड्याला तंबाखूपुरते आणे वेगळे मिळायचे, तेवढ्यात मी सावकार. पण दुसऱ्या वर्षी मी एक काम केलं, न करतो तर बरं होतं. दिवा गावचा नाथा, माझा मावसभाऊ, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी धाकटा, त्याला निरोप धाडला की ये, बारा महिने मीठ आहे. तो आला. उचल घेऊन आला, लग्नाचं फेडायचं होतं त्याला. आणि वर्षाच्या आत पडला. पाय हे असे सुजले, केळीच्या खुंटासारखे. डोळ्यांना सारखं पाणी, दिवसभर पांढऱ्याकडं बघून बघून. अन्न जाईना. बसल्या जागी म्हणायचा, "दादा, आपल्या विहिरीचं पाणी असतं तर दोन घास गेले असते." आता विहिरीचं पाणी मी कुठून आणू?

मिठागराच्या डॉक्टरनं तपासलं आणि मला बाजूला घेतलं. मोडकी हिंदुस्थानी बोलायचा. "बुड्ढा, इसको घर भेजो. जल्दी. बारिश का हवा आयेगा, दर्या बिगडेगा, फिर ये जहाज में नहीं बचेगा." म्हणजे वैशाखातली शेवटची बोट. ती चुकली तर नाथा तिथंच. त्या काळ्या डोंगराखाली. आणि आणलेला कुणी? मी.

माझा करार त्याच महिन्यात पुरा होत होता, माझं भाडं फुकट. नाथाचा करार अर्धा, म्हणून त्याचं भाडं त्यानं भरायचं. तीस रुपये. त्याच्या नावावर उचलच फिटली नव्हती, शिल्लक कुठली? पण मी म्हटलं, नाथा, उगी. रडायचं काही कारण नाही. माझ्या नावावर शंभराच्या वर आहेत. पैसे आहेत. आपलेच आहेत. ठाण्याला आहेत.

हे बोललो आणि माझं मलाच कसंतरी वाटलं.

पण तिथं पेढी होती ना, दुसरा रहाट! गेलो. टेबलाशी एक तरणा कारकून, अंगावर स्वच्छ सदरा, कपाळाला गंध. मी हिंदुस्थानीत सुरू केलं, "साहेब, हमारा पैसा…" तर तो म्हणतो, "कुठला रे तू?" मराठीत! म्हटलं, "कोपरचा." तो म्हणाला, "खाडीवरचा कोपर? अरे मी कल्याणचा!" श्रीपाद त्याचं नाव. तीन वर्षांत घरी गेला नव्हता. मला बसवून घेतलं, कल्याणचं विचारलं, तळ्याचं विचारलं, अर्धा तास झाला, मी पैशाचं विसरलो आणि तोही विसरला. मग आठवलं. म्हणाला, "तुझेच पैसे आहेत, तुलाच मिळणार, चिंता नको. फक्त तू तूच आहेस हे ठाण्यानं म्हणायला हवं."

म्हटलं, "मी आहे की समोर!"

"समोर आहेस रे. पण कोण म्हणून समोर आहेस? मी तुला आज पाहतोय. ठाण्याला तुझी निशाणी आहे. इथं निशाणी काढ, कागद बोटीनं जाईल, प्रभाकरपंत दोन्ही शेजारी ठेवतील, जुळली की पैसे."

बरोबरच आहे की! उद्या कुणीही उठेल आणि भिवा होईल. मी बसलो, जीभ दातात धरली, नांगर काढला. एका कागदात काढला, फाटला नाही, तीन वर्षांत हात सुधारला होता म्हणा… आणि आलो नाथाकडं, म्हटलं कागद गेला. आठ दिवस जायला, आठ यायला, चार दिवस त्यांना चष्मा पुसायला. वीस दिवस. मी मिठाचा माणूस, वीस दिवस थांबणं मला जड नाही. पण नाथा बोटी मोजायचा. पडल्या पडल्या भोंगा ऐकायचा आणि म्हणायचा, "दादा, ही आपली का?" "नाही रे, ही विलायतेला चाललीय." "आणि ही?" "ही पण."

विसाव्या दिवशी गेलो. श्रीपादरावांचा चेहरा पाहिला आणि समजलो. म्हणाले, "बस." कागद काढला, वाचून दाखवला, प्रभाकरपंतांचा आवाजच ऐकू आला मला त्यातून: "सदर इसमाने काढलेला नांगर दप्तरातील नांगराशी ताडून पाहिला. रुमणे जुळते. फाळ जुळतो. परंतु दप्तरातील नांगराचे तोंड उजवीकडे असून एडनच्या नांगराचे डावीकडे आहे. सबब हा नांगर तो नांगर नव्हे."

मी म्हटलं, "श्रीपादराव, नांगर आहे तो! शेताच्या टोकाला गेला की वळतो! नाही वळला तर शेजाऱ्याच्या रानात जाईल!"

ते हसले. हसले आणि मग थांबले, कारण पुढं आणखी लिहिलेलं. "खात्री व्हावी म्हणून ठेवीदाराच्या पत्नीस कोपरहून बोलाविले. तिजला पतीचे नाव विचारता तिने ते सांगितले नाही. सबब ओळख पटली नाही."

आता तुम्हीच सांगा, कसं सांगेल? माझी बायजा चाळीस वर्षं माझ्या घरात आहे, चाळीस वर्षांत एकदा तोंडातून माझं नाव काढलं नाही. आणि आता पेढीत, चारचौघांत, कारकुनाला सांगेल? मागाहून तिनं मला सगळं सांगितलं. ती गेली, बरोबर शेजारच्या सखुबाईला घेऊन गेली. प्रभाकरपंत म्हणाले, "बाई, नवऱ्याचं नाव?" ही पदर ओढून गप्प. "बाई, नाव सांगा, नवऱ्याच्याच कामाचं आहे." ही म्हणते, "आमच्या घरचं माणूस." "ते झालं, नाव?" हिनं सखुबाईला कोपर मारलं. सखुबाई मोठ्यानं म्हणाली, "भिवा धोंडीबा!" पंत खूश. लिहायला टाक बुडवला. "म्हणजे तुम्ही त्याची बायको?" "मी? अगो बाय! मी शेजारीण." "मग तुमचा संबंध काय?" "मी नाव घ्यायला आलंय, नवरा तिचा हाय." पंतांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "बायांनो, मी ठाण्याचाच आहे. माझी बायकोसुद्धा माझं नाव घेत नाही. मला समजतं हो! पण कागदाला कसं समजणार? नाव सांगते ती बायको नाही, बायको आहे ती नाव सांगत नाही, मी लिहू काय?" मग त्यांनी हिला माझा नांगर दाखवला, म्हणाले, "निदान हा ओळखा." हिनं पाहिला, उलटा सुलटा करून पाहिला. म्हणाली, "नांगर आमचाच दिसतोय, पण बैल कुठं हायत?"

चुकलं कुणाचं? कुणाचंच नाही! पैसे होते. माझेच होते. बायजा त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती, आणि ठाण्याला म्हणजे ठाण्यालाच होते.

श्रीपादराव म्हणाले, "भिवा, सोपं आहे. आता तोंड उजवीकडे कर, परत पाठवू." म्हटलं, करतो. टाक घेतला… आणि हात चालेना. खोटं सांगत नाही. रुमणं डावीकडे घेतलं, इसाड काढलं, फाळाशी आलो की हात आपसूक वळायचा. जोर करून काढला तर तो नांगर दिसेचना, कुणीतरी विंचू चेंगरल्यासारखं काहीतरी. तीन कागद गेले. श्रीपादराव बघतायत, बाहेर चार माणसं खोळंबलीत, मला घामाच्या धारा. शेवटी ते म्हणाले, "अरे ठाण्याला काढलास ना असाच?" म्हटलं, "असा नाही काढला." "मग कसा?" "नेहमी काढतो तसा. उगवतीकडे तोंड करून."

"म्हणजे?"

आता हे सांगायचं असतं का? म्हटलं, "श्रीपादराव, नांगराचं पहिलं तास, पहिली ओळ, उगवतीकडेच धरतात. मावळतीकडे तोंड करून कुणी नांगर धरतं का? कागदावरचा असला म्हणून काय झालं, नांगर तो नांगर. बाप मला खारात उभं करून शिकवायचा, आधी दिवस कुठं उगवतो ते बघ, मग नांगर टेक. मी टाक हातात घेतला की आधी तेच बघतो."

त्यांनी खिडकीकडं पाहिलं. टेबलाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी कुठं तोंड करून बसलोय, पूर्व कुठं, हिशोब करत होते बहुतेक. ठाण्याच्या टेबलाशी मी बसलेलो तेव्हा उगवत माझ्या उजव्या हाताला, आणि इथं डाव्या हाताला. नांगर माझा कधी फिरलाच नव्हता हो! टेबल फिरलं होतं!

तर हा माणूस उठला. आपली खुर्ची सोडली. म्हणाला, "इकडं ये. माझ्या जागी बस."

मी म्हटलं, "नको." पेढीची खुर्ची, गादी असलेली, मी मिठागरातला माणूस, अंगाला मीठ, पायाला मीठ. "नको रावसाहेब, गादीला पांढरं लागेल." ते म्हणाले, "लागू दे." हाताला धरून बसवला. आणि आपण माझ्या बाकावर बसले, समोर. बाहेरची चार माणसं आ वासून बघतायत, की कारकून बदलला काय! एक तर मला सलाम करून गेला. मी टाक घेतला, आणि तुम्हाला काय सांगू, एका दमात उतरला. तोंड उजवीकडे, फाळ खाली, हलकासा पुढं झुकलेला, बापानं धरावा तसा. श्रीपादरावांनी लगेच कागद केला. "ठेवीदार इथंच आहे, रक्कम इथं हवी आहे, तरी संपूर्ण ठेव एडनच्या दुकानी वर्ग करावी." म्हणाले, "आता अर्धवट काही नको, सगळेच इकडे मागवतो. जुळणारच."

कागद गेला. आठ दिवस जायला, आठ यायला. आणि वैशाखातली शेवटची बोट? बारा दिवसांवर!

दिवस सगळ्यांनीच बोटांवर मोजले होते. नाथा आता बोटींचं विचारत नव्हता. ते मला जास्त लागलं. मी रोज संध्याकाळी पेढीच्या पायरीशी जाऊन बसायचो, काही विचारायचो नाही, आगबोट काही माझ्यासाठी जोरात येणार नव्हती. श्रीपादराव कुलूप लावताना दिसायचे, म्हणायचे, "आज नाही रे." मी म्हणायचो, "बरं." एवढंच बोलणं.

अकराव्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. खिशातून फडकं काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं. तीस रुपये. म्हणाले, "उद्याचं तिकीट काढ. तुझे पैसे आले की मी माझे घेईन." म्हटलं, "पेढीचे?" "पेढीचे कसे देईन? माझे आहेत." "कशाला ठेवलेले?" तर म्हणतात, "असेच." असेच कुणी तीस रुपये ठेवतं का? तीस म्हणजे कल्याणला जायचं भाडं, हे मला अडाण्याला समजत नाही होय? मी म्हटलं, "श्रीपादराव, हे तुमच्या घरी जायचे आहेत." ते चिडले! पहिल्यांदा चिडले. "तुझा भाऊ मरायला टेकलाय आणि तू माझी चौकशी करतोस? ऊठ!"

मी उठलो. काय करणार?

नाथाला पाठुंगळी मारून बोटीवर चढवला. कसा आला त्याचं वर्णन नको. आठ दिवस त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि माझं डोकं बोटीच्या कठड्याबाहेर. पण आला! मुंबईच्या बंदरातून होडीनं, खाडीखाडीनं दिव्याला नेला. बायकोनं त्याच्या तोंडाशी विहिरीच्या पाण्याचा तांब्या धरला. दिव्याची विहीर ती, पाणी मचूळ, ढोरंसुद्धा तोंड वळवतात. हा घटाघट प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, "दादा, काय गोड आहे!" आज जाऊन बघा, खाडीवर जाळं टाकतोय. अंगानं भरलाय. परवा मला वर तोंड करून म्हणतो, "दादा, तू मला एडनला नेलंस कशाला रे?" म्हटलं, चुकलं बाबा.

मग मी ठाण्याला गेलो. आता कसली काळजी? मी ठाण्याला, पैसे ठाण्याला. तीस काढायचे, श्रीपादरावांना धाडायचे, मोकळा. पेढीत शिरलो तर प्रभाकरपंत खुर्चीतून उठलेच! "अरे भिवा! जुळला! तुझा नांगर जुळला! काय सुरेख काढलास! एका नजरेत ओळखला मी!" मला इतका आनंद झाला. म्हटलं, "द्या मग पंत." ते म्हणाले, "काय?" "पैसे." "पैसे? पैसे गेले की एडनला. तूच लिहिलंस ना, सगळे वर्ग करा? मी स्वतः त्याच दिवशी पाठवले. एक दिवस उशीर केला नाही!"

म्हणजे मी येत होतो आणि पैसे जात होते. मधे समुद्रात कुठंतरी माझ्या पैशांनी मला ओलांडलं. मी तेव्हा कठड्याबाहेर ओकत असणार, नाहीतर हाक मारली असती.

पैसे होते! माझेच होते! पण आता एडनला होते!

प्रभाकरपंत कपाळाला हात लावून बसले. चांगला माणूस. त्यांनी नियमाचं बुक उघडलं. ठेव एकदा दुसऱ्या दुकानी वर्ग केली की वर्षभर हलवता येत नाही. म्हटलं, "नका हलवू. तिथंच राहू द्या. ज्याचे द्यायचे तो तिथंच आहे! त्याच टेबलाशी बसतो! त्याला म्हणावं, तीस काढून घे." पंतांनी पान उलटलं. "कारकुनाने ठेवीदाराचे पैसे स्वतः घेता नये. ठेवीदाराने समक्ष यावे." आणि हा नियमसुद्धा बरोबर आहे हो! नाहीतर उद्या सगळे कारकून… जाऊ द्या.

पंतांनी एडनला पत्र घातलं, वीस दिवसांनी उत्तर आलं, पंतांनी मला होडी पाठवून बोलावलं आणि वाचून दाखवलं. श्रीपादराव लिहितात, "भिवाला सांगावे, त्याची रक्कम पोचली. माझ्या समोरच्याच खणात आहे. रोज दिसते. नाथा कसा आहे ते कळवावे. माझ्या पैशांची घाई नाही."

घाई नाही! मी कल्याणला गेलो होतो, त्यांच्या घरी. म्हटलं, खुशाली तरी सांगावी. आई ओटीवर आल्या. एकट्याच असतात. एडनचा माणूस म्हटल्यावर गूळ-पाणी दिलं, पंखा दिला, सगळं ऐकून घेतलं, मुलगा जाड झाला का, दूध मिळतं का. आणि मग हळूच विचारलं, "तुम्ही वैशाखाच्या बोटीनं आलात ना? तो लिहीत होता, वैशाखात येतो म्हणून. त्याचा भात मी रोज काढून ठेवत होते. नाही आला. काही कारण झालं का हो?"

काय सांगू? कारण दिव्याला बसून जाळं विणत होतं. मी म्हटलं, "आईसाहेब, येतील. पैसे आहेत… त्यांच्या समोरच आहेत…" त्या म्हणाल्या, "सावकाश येऊ दे." माझ्यापेक्षा हळू बोलतात त्या.

त्या पायरीवरून मी तसाच महिपत मुकादमाकडं गेलो. म्हटलं, नाव घाल. तो म्हणाला, "दादा, तू साठीला आलास, आता एडन? वेड लागलं?" म्हटलं, "जायचं भाडं फुकट आहे ना? घाल नाव." घरी बायजा तर चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "तीस रुपयांपायी परत दर्या?" म्हटलं, "तीस रुपये नव्हेत गो. कुणाचा तरी लेक आहे तिथं." ती बराच वेळ लाकडं सारत राहिली. मग म्हणाली, "जा मंग. पर येताना सगळे पैसे हातात घेऊन या, कुठं वर्ग का फर्ग करू नका."

म्हटलं, नाही करत.

नारळी पौर्णिमेनंतरची पहिली बोट आहे. करार तीन वर्षांचा. पहिल्या दिवशी पेढीत जायचं, समक्ष उभं राहायचं, तीस काढून त्यांच्या हातात ठेवायचे आणि त्याच बोटीनं त्यांना कल्याणला धाडायचं, एवढंच मी ठरवलंय. बाकीचे काढून तरी काय करू? तिथं तीन वर्षं मीठ ओढायचंय, आणि हातात पैसा असला की माणूस उडवतो म्हणतात. राहू देत तिथंच.

आणि नव्या कराराचा पगार? विचारलं मी महिपतला, या खेपेला माणूस समोर असतानाच विचारलं. म्हणाला, "नियम तोच दादा. अर्धे वहिनीला, अर्धे ठाण्याला जमा."

म्हणजे आता थोडे एडनला आणि थोडे ठाण्याला. बरंच झालं म्हणायचं. कुठंही असलो तरी थोडेफार पैसे माझ्या जवळ असतील… जवळ म्हटलं मी. हातात नाही म्हटलं.